किंमत आधीच मोजणारे

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेरच्या वस्तीत हेच प्रमाण १६ टक्के होते. एका खोलीत सहा-सात माणसे आणि शंभर जणांत एक शौचालय अशा वस्तीला 'अंतर राखा' हा उपदेश काय कामाचा? विषाणू भेदभाव करीत नाही, असे म्हणतात. समाजव्यवस्था करते, आणि विषाणू तिच्याच वाटेने चालतो.

या आकड्यांत काही सुखवस्तू मंडळींना दिलासा दिसला. गरिबांना आयतीच प्रतिकारशक्ती लाभली, आता साथ ओसरेल, असा त्यांचा हिशेब होता. एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेने तो हिशेब स्मशानांच्या दारात खोटा ठरविला.

विज्ञान काय सांगते ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. संसर्ग होऊन गेलेल्या शरीरात त्या विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी उरतात. लशीची पहिलीच मात्रा त्यांना जागे करते आणि प्रतिपिंडे वेगाने वाढतात. आरएनए लशींबाबत मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पूर्वबाधितांना एका मात्रेनंतर मिळालेली प्रतिपिंडांची पातळी इतरांच्या दोन मात्रांनंतरच्या पातळीइतकी किंवा तिच्याहून अधिक होती. त्याआधीच, फेब्रुवारीत, फ्रान्सने पूर्वबाधितांसाठी एकाच मात्रेची शिफारस केली होती.

परंतु यावरून 'संसर्ग झाला, आता लस कशाला?' असा निष्कर्ष काढणे ही घोडचूक होय. ओमिक्रॉनच्या काळातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार केवळ संसर्गामुळे गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण वर्षभरानंतर सुमारे ७५ टक्के उरते. संसर्गाला लसीकरणाची जोड मिळाली तर ते सुमारे ९७ टक्के असते. शिवाय संसर्गाची प्रतिकारशक्ती जे जगले त्यांनाच मिळते. जे गेले त्यांची गणती या टक्केवारीत होत नाही.

मग एका मात्रेचा मार्ग आपल्याकडे का चोखाळला गेला नाही? लशीचा तुटवडा तर भीषण होता. एक अडचण उघड आहे. पूर्वी संसर्ग झाल्याचा कागद कोणाजवळ होता? ज्याला तपासणी परवडली त्याच्याजवळ. अंगावर ताप काढून तिसऱ्या दिवशी नाक्यावर मजुरीला उभा राहिलेल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती. ज्याच्या रक्तात पुरावा होता त्याच्या हातात प्रमाणपत्र नव्हते. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था दुबळी असली की विज्ञानाचा लाभही वरच्या थरातच अडकून पडतो.

त्यात भर म्हणून १ मे २०२१ पासून, कामगार दिनीच, केंद्र शासनाने १८ ते ४४ वयोगटाची जबाबदारी राज्यांवर व खासगी रुग्णालयांवर ढकलली. कोविशील्डची जी मात्रा केंद्राला १५० रुपयांना मिळत होती, तिचा दर राज्यांना ३०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपये होता. देशाचे राबते हात याच वयोगटातले! सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक ठरविले, तेव्हा कोठे २१ जूनपासून केंद्राने मोफत पुरवठा आपल्याकडे घेतला. मात्र एकचतुर्थांश वाटा खासगी रुग्णालयांसाठी राखूनच!

हा जुना उगाळा नव्हे. पुढची साथ येईल तेव्हाही प्रथम बाधित होणार ती कष्टकऱ्यांचीच वस्ती. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक वस्तीत मोफत तपासणी व तिची नोंद, सार्वजनिक मालकीचे सक्षम लसकारखाने, आणि लस ही विकाऊ वस्तू नसून नागरिकाचा हक्क आहे याची कायद्याने हमी. ज्यांनी प्रतिकारशक्तीची किंमत स्वतःच्या देहाने मोजली, त्यांना लशीसाठी पुन्हा रांगेच्या शेवटी उभे करणारी व्यवस्था बदलणे, हेच आपले काम आहे.