‘आपल्याकडे हवा दमटच असते’: सीपॅपच्या ह्युमिडिफायरला नाही म्हणण्याआधी

स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन घेणाऱ्या रुग्णांना तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात.

मशीन घेताना: "ह्युमिडिफायर कशाला? आपल्याकडे हवा दमटच असते."
आठवड्याने तक्रार घेऊन गेल्यावर: "नाक कोरडं पडतंय ना? होईल हो सवय."
आणि दोन महिन्यांनी मशीन कपाटात गेल्यावर: "पेशंटच वापरत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

ही तिन्ही वाक्यं एकाच माळेतली आहेत. पहिलं चुकीचं, दुसरं बेफिकीर आणि तिसरं अन्यायाचं. हजारो रुपये मोजून आणलेलं, जिवाच्या कामाचं यंत्र केवळ नाक कोरडं पडतं म्हणून बंद पडावं, हे मला पटत नाही. म्हणून आज या तिन्ही वाक्यांचा समाचार घेऊ.

आधी थोडक्यात: सीपॅप करतं काय?

स्लीप अ‍ॅप्नियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. हे एका तासात कित्येकदा घडतं. माणूस रात्रभर ‘झोपलेला’ असतो, पण सकाळी शिणलेला उठतो. रक्तदाब आटोक्यात येत नाही, हृदयावर ताण पडतो आणि गाडी चालवताना डुलकी लागते. हे शेवटचं फक्त त्या रुग्णापुरतं राहत नाही. तो एसटीचा किंवा ट्रकचा चालक असेल, तर रस्त्यावरच्या इतरांचाही प्रश्न होतो.

1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव मांडला. नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा दिली, तर घशाची वाट उघडी राहते, असं त्यांनी दाखवलं. तेच हे सीपॅप. उपाय परिणामकारक आहे, पण अट एकच: तो रोज रात्री नाकावर असला पाहिजे. कपाटातलं सीपॅप कोणाचाही घसा उघडा ठेवत नाही.

पहिलं वाक्य: ‘हवा दमटच असते’

आपलं नाक म्हणजे केवळ हवेची नळी नव्हे. बाहेरची हवा गरम करणं, ओली करणं आणि गाळणं ही त्याची रोजची नोकरी. फुप्फुसांत पोचेपर्यंत हवा शरीराच्या तापमानाला, म्हणजे 37 अंशांना येते आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. अशा एक लिटर हवेत सुमारे 44 मिलिग्रॅम पाणी असतं.

आता बाहेरची हवा पाहा. पावसाळ्यातली मुंबईची रात्र, तापमान 27 अंश, आर्द्रता 85 टक्के. अंगाला चिकचिक होते, कपडे वाळत नाहीत. तरी त्या एक लिटर हवेत पाणी असतं फक्त 22 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फुप्फुसांच्या गरजेच्या निम्मं. उरलेलं निम्मं नाकालाच पुरवावं लागतं.

हे झालं खिडकी उघडी असताना. एसी लावलेल्या खोलीत 24 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर हाच आकडा 11 वर येतो. विदर्भातल्या उन्हाळी रात्री 30 अंश आणि 25 टक्के आर्द्रता असेल, तर तो 8 च्याही खाली जातो. मशीन विकणाऱ्याला ‘आपली हवा’ म्हणजे नेमकी कुठली अभिप्रेत असते? दादरच्या फुटपाथवरची, की एसी लावून दार बंद केलेल्या बेडरूमची? रुग्ण झोपतो ती दुसरी.

"पण डॉक्टर, मशीन नसतानाही नाक हे काम करतंच की!" हो, करतं. त्यात एक युक्ती आहे. श्वास बाहेर सोडताना नाक त्यातला बराचसा ओलावा परत धरून ठेवतं. आत जाताना खर्च, बाहेर येताना जमा. सीपॅप लावल्यावर झोपेत तोंड उघडं पडलं, तर हा हिशेब कोलमडतो. दाबाने आलेली हवा नाकातून आत शिरते आणि तोंडातून निसटते. नाकातून वारं एकाच दिशेने वाहत राहतं. नुसता खर्च, जमा काहीच नाही. नाकाच्या आतलं अस्तर सुकतं, चिडतं आणि सुजतं. सुजलेल्या नाकातून हवा जाईना, की माणूस तोंड अधिक उघडतो. मग गळती आणखी वाढते.

ही केवळ कल्पना नाही. 1996 साली सुलिव्हन यांच्याच गटाने दाखवून दिलं, की सीपॅपवर तोंडाने हवा गळू लागली की नाकातला अडथळा वाढतो, आणि हवा कोमट व ओली करून दिली तर ही वाढ बऱ्याच अंशी टळते.

दुसरं वाक्य: ‘होईल सवय’

मास्कची सवय होते. आवाजाची होते. पट्ट्यांची होते. सुजलेल्या अस्तराची सवय होत नाही. तो त्रास आहे, त्याला उपचार लागतो.

इथे घरोघरी आढळणारा एक गोंधळही दूर करू. अनेक काकू सांगतात, "यांचं नाक तर रात्रभर वाहतं, सकाळी शिंकांवर शिंका. त्यात आणखी पाण्याची वाफ दिली तर सर्दी वाढेल, छातीत कफ होईल." वरवर पाहता बरोबर वाटतं. पण सीपॅप सुरू केल्यावर नव्याने सुरू झालेलं वाहतं नाक बरेचदा कोरडेपणाचंच लक्षण असतं. धूळ डोळ्यात गेली की पाणी येतं. ते पाणी डोळा ओला असल्यामुळे येत नाही, डोळा चिडल्यामुळे येतं. नाकाचंही तसंच. म्हणून शिंका, वाहतं नाक, बंद नाक, सुकलेला घसा, खपल्या आणि क्वचित रक्ताचे थेंब, या साऱ्या तक्रारींत ह्युमिडिफायरचा विचार व्हायलाच हवा.

एक उदाहरण, असे अनेक भेटतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मशीन तीन आठवडे वापरलं आणि ठेवून दिलं. त्यांना सांगितलं गेलं होतं की दाब सोसत नसेल. दाब ठीक होता. ते एसीच्या थेट झोताखाली झोपत होते, नाकाला जुनी अ‍ॅलर्जी होती आणि मशीनला पाण्याची टाकी जोडलेलीच नव्हती. अ‍ॅलर्जीसाठी नाकाचा स्प्रे दिला, ह्युमिडिफायर जोडला, एसीची दिशा बदलली. मशीन तेच, दाब तोच, पण आता ते रात्रभर नाकावर राहू लागलं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकू

ह्युमिडिफायर म्हणजे जादूची कांडी, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. संशोधन काय सांगतं ते प्रामाणिकपणे सांगतो. तापवलेल्या ओल्या हवेने नाक-घशाचा कोरडेपणा कमी होतो, हे वारंवार दिसलं आहे. पण ती सरसकट सगळ्यांना दिली म्हणून सगळेच जण मशीन जास्त तास वापरतात, असं दिसलेलं नाही. ज्याला कसलाच त्रास नाही, त्याला टाकीशिवाय झोपायला हरकत नाही. मास्क नीट बसत नसेल, नाकाचं हाड फार वाकडं असेल किंवा दाबच चुकीचा असेल, तर नुसतं पाणी तापवून काय होणार?

म्हणजे निर्णय कशावर व्हावा? रुग्णाच्या नाकावर. गावाच्या हवामानावर नाही, आणि दुकानदाराकडे कोणतं मॉडेल शिल्लक आहे यावर तर नाहीच.

आता नेहमीचे आक्षेप.

"पाण्यातून जंतू फुप्फुसात जातील." या टाकीत पाणी उकळत नाही, फक्त कोमट होतं आणि त्यावरून जाणारी हवा बाष्प घेऊन पुढे जाते. नेब्युलायझरसारखे पाण्याचे थेंब त्यातून उडत नाहीत. त्यामुळे धोका कमी असतो. पण घाण टाकीचं समर्थन कोणीच करणार नाही. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्या, टाकी वाळू द्या, रात्री नवीन पाणी भरा. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवा.

"नळाचं पाणी चालेल ना?" नको. क्षारांचा पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरा. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या, नाव-तारीख नसलेल्या कॅनमधलं पाणीही नको. आणि कृपा करून त्या टाकीत निलगिरीचं तेल, कापूर, बाम किंवा जंतुनाशक घालू नका. ते रात्रभर श्वासात जातं.

"नळीत पाणी साचून तोंडावर येतं." कोमट ओली हवा थंड नळीतून जाताना असं होतं. एसीचा झोत नळीवरून हटवा, ओलाव्याचा टप्पा एकने कमी करा, नळीला कापडी आवरण घाला. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी मास्ककडे येणार नाही. आतून तापणारी नळी मिळते, तीही चांगली. यातला एकही उपाय न सांगता "मग टाकीच काढून टाका" असं सांगणं म्हणजे चप्पल चावते म्हणून अनवाणी चालायला सांगण्यासारखं आहे.

"आमच्याकडे वीज जाते." हा आक्षेप मात्र खरा आहे. हीटर मशीनपेक्षा बरीच जास्त वीज खातो आणि बॅटरी लवकर उतरते. अशा रात्री हीटर बंद ठेवून नुसतं मशीन चालवा. ओलावा नसलेली रात्र चालेल, सीपॅप नसलेली नको.

तिसरं वाक्य: ‘पेशंटच वापरत नाही’

अमेरिकेत विम्यासाठी सीपॅपच्या वापराची एक मोजपट्टी आहे: 70 टक्के रात्री, किमान चार तास. तिथून ती जगभर पसरली. या मोजपट्टीत न बसणाऱ्या रुग्णावर ‘सहकार्य करत नाही’ असा शिक्का बसतो. पण ही मोजपट्टी फक्त रुग्णाला लागू का? त्याला मास्क कोणी बसवून दाखवला? त्याचं नाक आधी कोणी तपासलं? पहिल्या आठवड्यात फोन कोणी केला? मशीन पुढे वापरलं जाणार की नाही, याचा कल सुरुवातीच्या दिवसांतच ठरू लागतो, हे आम्हा डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. तेच दिवस रुग्ण एकटा, पुस्तिका उलटसुलट करत काढतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सीपॅपच्या चिठ्ठीवर दाबाच्या आकड्याबरोबर मास्कचा प्रकार आणि ह्युमिडिफायर हवा की नको, हेही डॉक्टरने लिहावं. ते विक्रेत्यावर सोडू नये. निदान टाकी पुढे जोडता येईल असंच मशीन द्यावं. आणि नाकाचा उपचार व ओल्या हवेची चाचणी झाल्याशिवाय कोणाच्याही फाइलवर ‘सीपॅप सोसत नाही’ असं लिहू नये.

तुम्ही काय कराल?

मशीन घेण्याआधी विचारा: यात ह्युमिडिफायर आहे का? नसेल तर नंतर जोडता येतो का? काही रात्री वापरून पाहता येईल का?

मशीन घरात असेल आणि नाक-घसा सुकत असेल, तर ओलाव्याचा टप्पा मधल्या पातळीवर ठेवा आणि दर दोन-तीन रात्रींनी एकेक टप्पा वर-खाली करून पाहा. हा बदल तुम्ही स्वतः करू शकता. दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल, तर तोंडाने हवा गळते आहे का, हे दाखवून घ्या. नाक मोकळं करणारे थेंब दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे घालू नका. त्याने नाक पुढे आणखी बंद होतं. नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा.

आणि तुमच्या कपाटात मशीन पडलेलं असेल, तर ते जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत टाकण्याआधी एकदा मास्क आणि नळीसकट पिशवीत घाला आणि तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. "मला सोसत नाही" एवढंच सांगू नका. "नाक कोरडं पडतं, यावर काय करता येईल?" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मिळणं हा तुमचा हक्क आहे.