उभ्या गाडीतला गारवा

मालमोटारीच्या चालकालाही उकडते, ही गोष्ट सरकारदरबारी मान्य व्हावयास स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे जावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून, मालासह एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले आणि २०२५ मध्ये ही सक्ती अमलात आली. निर्णय योग्यच आहे. शाळेतला किंवा कचेरीतला पंखा दोन दिवस बंद राहिला तर आपल्यापैकी कोणीही अर्ज केल्यावाचून राहत नाही. इंजिनाच्या उष्णतेशेजारी दिवसाचे दहा-बारा तास काढणाऱ्या माणसाने मात्र आजवर कोणाकडे अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु ही सक्ती नव्या वाहनांपुरती आहे. शहापूरहून किन्हवलीकडे जाताना शेणव्याच्या नाक्यावर घटकाभर थांबले, तर डोळ्यांसमोरून जातात त्या गाड्या बहुधा जुन्या असतात. विटा, खडी, भाजीपाला, सिमेंट वाहणाऱ्या या मोटारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे आणि मोठ्या वाहतूकदाराकडून छोट्याकडे उतरत आलेल्या असतात. आपल्याकडे दीर्घकाळ कारखान्यातून केवळ सांगाडाच विकला जाई आणि केबिन स्थानिक सुतार-लोहार बांधून देत. तेथे थंड हवेचा विचार कोण करणार? तरीही अशा जुन्या गाड्यांपैकी काहींत आज एसी आहे. काहींत तो कारखान्यातूनच आला, काहींत मालकाने मागाहून बसवून घेतला. त्याविषयीची नेहमीची तक्रार एकच असते: गाडी पळत असली की गार वारा येतो, गाडी थांबली, इंजिन मंद चालू लागले की पाच-दहा मिनिटांत तो बंद पडतो.

तक्रार क्षुल्लक वाटेल, पण चालकाचे आयुष्य पाहणारास ती तशी वाटणार नाही. मालमोटार पळते तितकीच उभीही असते. भिवंडीच्या गोदामांच्या दारांत ती उभी असते, टोलनाक्यावर उभी असते, कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तासन् तास उभी असते. उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना पाणी पुरविणारे टँकरही भरून घेण्यासाठी रांगेत उभेच असतात. भातसा, तानसा आणि मोडकसागर ज्या तालुक्याच्या कुशीत आहेत त्याच तालुक्यातील ही रांग आहे, हा एक वेगळाच विषय आहे आणि तो येथे वाढवीत नाही. सांगावयाचे ते हे की, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा धावत्या गाडीला निदान वारा तरी लागतो. उभ्या गाडीला तोही लागत नाही. म्हणजे गारव्याची गरज जेथे सर्वाधिक, नेमके तेथेच हे यंत्र हात वर करते. आणि याच उभ्या गाडीत चालक झोप काढतो. ती झोप नीट झाली नाही तर पुढच्या घाटात काय घडते, ते वर्तमानपत्रात आपण वाचतोच.

एसी बंद पडू लागला की आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे 'गॅस भरून घेणे'. मालक गाडी घेऊन जातो, मिस्त्री गॅस भरतो, पैसे घेतो आणि गाडी पुन्हा रांगेत उभी राहिली की एसी पुन्हा बंद पडतो. पुष्कळदा तर पूर्वीपेक्षा लवकर पडतो. यात मिस्त्रीची लबाडी असतेच असे नाही. बहुतेक वेळा असते ते अज्ञान. हे अज्ञान दूर करणे अवघड नाही, कारण त्यामागील शास्त्र शाळकरी मुलालाही समजण्यासारखे आहे.

माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने केबिन गार होते. द्रवाचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. फरक इतकाच, की माठातले पाणी हवेत निघून जाते, आणि एसीतल्या वायूला पुन्हा द्रव करून फिरवावे लागते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर हा वायू दाबतो. दाबलेला तप्त वायू गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत शिरतो आणि आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. गाडी धावत असता त्या जाळीवर वारा आपोआप आदळतो. ती थांबली की सारी भिस्त पंख्यावर येते. जाळीत धूळ, भाताचा तूस आणि वीटभट्टीची माती बसली असेल, पंख्याचा चिकट द्रवावर चालणारा क्लच ढिला पडून पाती नुसतीच रेंगाळत असतील, पंख्याभोवतीचे कवच मोडून गरम हवा फिरून पुन्हा जाळीतच येत असेल, तर उष्णता जावी कोठे? वायूचा दाब वाढत जातो. नेहमीच्या आर-१३४ए वायूवर चालणाऱ्या यंत्रात पस्तीस अंशांच्या हवेत हा दाब साधारण २०० ते २५० पौंड असतो. तो ४०० पौंडांच्या आसपास गेला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर तोडतो. गाडी पुन्हा धावू लागते, जाळी निवते, दाब उतरतो आणि गार वारा परत येतो. यंत्र येथे बिघडलेले नसते. ते स्वतःचा जीव वाचवीत असते. अशा गाडीत आणखी गॅस भरणे म्हणजे चढलेला दाब आणखी चढविणे होय. याहून वाईट प्रकार म्हणजे तो स्विचच 'डायरेक्ट' करून देणे. त्याने गारवा चार दिवस मिळेल, मग नळी फुटेल किंवा कॉम्प्रेसर जाईल.

याची परीक्षा करण्यास एक बादली पाणी पुरते. गाडी उभी, इंजिन मंद, एसी बंद पडलेला. अशा वेळी फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून जाळीवर पाणी ओतावे. मिनिटा-दोन मिनिटांत कॉम्प्रेसर 'टक्' करून पुन्हा लागला, तर दोष हवेच्या वाटेत आहे. मग जाळी आतून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिचे पातळ पत्रे वाकतात आणि रोगापेक्षा उपचार महाग पडतो. जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा बाहेरून दिसत नाही, तोही काढावा.

पाण्याने फरक पडला नाही तर विजेकडे वळावे. कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडणारा क्लच विद्युत्‌चुंबकावर चालतो. वर्षानुवर्षे घासून त्याच्या दोन तबकड्यांमधील फट वाढते. ती मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास असावी लागते. त्यातच इंजिन मंद असता, पट्टा सैल असता आणि जमिनीची वायर गंजलेली असता अल्टरनेटरचा दाब उतरतो. तापलेल्या वेटोळ्यातून पुरेसा प्रवाह जात नाही, चुंबक तबकडीला धरून ठेवू शकत नाही आणि ती सुटते. येथे अनुभवी कारागीर एक खूण सांगतो: भर दुपारी बंद पडतो तो बहुधा उष्णतेचा दोष, रात्री हेडलाइट लावल्यावर बंद पडतो तो बहुधा विजेचा. उपाय म्हणजे एखादी पातळ चकती काढून फट कमी करणे आणि वायरीचे टोक घासून घट्ट बसविणे. त्याला गॅसच्या एका टाकीइतकाही खर्च येत नाही. तिसरी शक्यता इंजिनाची. कॉम्प्रेसरचा भार पडला की मंद गती थोडी उचलून धरणारे साधन निकामी झाले असेल, तर इंजिन गुदमरते आणि काही गाड्यांतील नियंत्रक कॉम्प्रेसरच सोडवितो. आणि गॅस खरोखरच कमी असेल तर? तर गाडी धावत असतानाही यंत्र वारंवार लागेल-सुटेल. केवळ उभे असताना बंद पडणे हे गॅस कमी असल्याचे सहसा लक्षण नव्हे.

इतके साधे ज्ञान रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत का पोहोचत नाही? कारण ते दोन धंद्यांच्या मधोमध पडले आहे. मोटारीचा मिस्त्री म्हणतो, एसी आमचे काम नव्हे. फ्रिज-एसीवाला म्हणतो, इंजिन आम्हांला कळत नाही. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही ही भिंत तशीच उभी आहे. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, शीतकरण व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा; एकातील विद्यार्थी दुसऱ्याच्या कार्यशाळेत क्वचितच पाऊल टाकतो. शहापूर आणि मुरबाड येथील शासकीय संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या दाराशी आज आग्रा रोड आहे, आमण्यापर्यंत पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग आहे, माळशेज घाटातून उतरणारी भाजीपाल्याची वाहतूक आहे. नोकरीसाठी कल्याणची लोकल पकडण्याऐवजी हे काम गावातच उभे राहू शकते. नव्या नियमाने वातानुकूलित झालेल्या गाड्याही पाच-सात वर्षांत जुन्या होणार आहेत, हे ध्यानात घेतले तर ग्राहकांची वाण पडणार नाही.

काही मालकांचा आक्षेप असा, की उभ्या गाडीत एसी चालविणे म्हणजे डिझेल जाळणे. आक्षेप खोटा नाही. मोठे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला दोन-एक लिटर तेल खाते, आणि रात्रभर तसे चालू ठेवावे असे कोणी सुचविणार नाही. पण रांगेतल्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडताना चालकाच्या थकव्याचा हिशेबही मांडला पाहिजे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा; तो २०२५ पर्यंत अमलात होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा त्याने घालून दिली. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेला तो सामान्यतः लागूच होत नसे, आणि एक-दोन गाड्यांचा मालक नेमका तेथेच बसत असे. कायदा जेथे हात लावत नाही तेथे निदान केबिनचा पंखा तरी चालावा, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

वारंवार गॅस भरण्यात आणखी एक नुकसान आहे. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण हवेची उष्णता वाढविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट मानली जाते. अशा वायूंचा वापर घटविण्याचे बंधन २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता देऊन भारताने स्वीकारले. तेव्हा जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्याचा प्रकार खिशाला परवडत नाही आणि हवेलाही परवडत नाही.

व्यवसाय शिक्षण खात्याने या दोन तालुक्यांतील संस्थांत दोन्ही शाखांच्या मुलांसाठी एकत्र पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा. त्यासाठी दाबमापकांचे दोन-चार संच, एक व्होल्टमापक आणि एखादे भंगारातले केबिन पुरेसे आहे. गॅरेजमध्ये काम करीत असलेल्या मिस्त्रींनाही संध्याकाळी त्यात बसू द्यावे, प्रमाणपत्राची अट घालू नये. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता तपासणीसाठी जावेच लागते. तेथे ब्रेक आणि दिवे पाहताना कंडेन्सरच्या जाळीकडे आणि पंख्याकडे एक नजर टाकण्यास फारसा वेळ लागत नाही. वर्ग मात्र फेब्रुवारीपूर्वी भरले पाहिजेत. उन्हाळा लागला, विटांचे आणि टँकरचे दिवस सुरू झाले, की गाडी दुरुस्तीसाठी चार दिवस उभी ठेवण्यास शेणव्याचा कोणताच मालक तयार होत नाही.