तांबडा मणी

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, तरी दुसऱ्याचे अज्ञान दिसले की माझी लेखणी अजून शिवशिवते. दोन वर्षांपूर्वी, घरी माडिया बोलणाऱ्या एका मुलाच्या निबंधावर मी शेरा मारला, ‘पाया कच्चा.’ त्यानंतर तो वर्गात दिसला नाही.

हे आज आठवले ते काही मण्यांमुळे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. त्या काळी इथल्या खेड्यांत न्यूमोनियाने पुष्कळ मुले दगावत. रोगाची खूण तशी सोपी. खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास, दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर साठ, इतका चढला की सावध व्हावे. पण डॉक्टर दूर, मध्ये नदीनाले. गावात होती ती दाई, आणि तिला साठपर्यंत मोजता येईना!

माझ्यासारख्या मास्तराने काय केले असते? तिला आधी उजळणी शिकवली असती. आणि तोवर बाळाने थांबायचे!

बंगांनी दाईला बदलले नाही, मोजणेच बदलले. एका मिनिटाची वाळूची घटिका घेतली आणि शेजारी मणी ओवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, की औषध सुरू. लहानग्यांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. दहापर्यंत मोजता आले की पुरे.

गावातल्याच माणसांनी उपचार केले, तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी झाले. १९९० साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. पुढे १९९५ पासून ३९ गावांतल्या बायका घरोघरी नवजात बाळांना जपू लागल्या; सुई डॉक्टरानेच टोचावी हा दंडकही मोडला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच वाटेने बाळांच्या घरी जाऊ लागल्या.

अशक्य ते काय होते? दाईचे शिकणे नव्हे; शहाण्यांचे आपली रीत सोडणे.

मला मण्याइतके सोपे काही सुचलेले नाही. पण दिवाळीच्या सुटीत गावी निघालेल्या एका विद्यार्थ्याबरोबर त्या मुलाला निरोप धाडला आहे, “निबंध माडियात सांग. मराठीत आपण दोघे मिळून उतरवू.” उत्तर आलेले नाही. निबंध माझ्याकडेच आहे. शेरा तेवढा खोडला आहे.