कुजावं, पण जळू नये!

परवा कल्याण फास्टमध्ये, ठाणे सुटल्यावर मैत्रिणीने नवं मोबाईल कव्हर दाखवलं. मक्यापासून बनलेलं! 'इको-फ्रेंडली आहे गं, चक्क कुजतं!' मला मात्र मार्च २०१८ मधला आधारवाडीचा धूर आठवला. डम्पिंग पेटलं होतं आणि आम्ही कल्याणकर खिडक्या लावून बसलो होतो. २०२१ मध्ये ते डम्पिंग बंद झालं, पण तो वास विसरत नाही. म्हणून विचारलं, 'आणि पेटलं तर?'

पेटतं की! या प्लॅस्टिकचं नाव पीएलए. जळताना ते थेंब थेंब गळतं आणि आग पसरते. जुना उपाय ब्रोमीनच्या रसायनांचा, पण त्यातली काही वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. मग कुजणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये ती घालून काय फायदा?

इथे एण्ट्री होते मातीची! मॉण्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे प्लॅस्टिकमध्ये मिसळतात. शंभरात ३ ते ५ भागही फरक पाडतात. आग लागली की वर खपली धरते, उष्णता अडते, गळणं कमी होतं. अर्थात पेटणं थांबत नाही, आग मंदावते. म्हणून जोडीला बहुधा फॉस्फरसची संयुगं लागतात.

आणि कुजणं? तेही कुंडीत नाही हं, साठेक अंशांना तापणाऱ्या कम्पोस्ट प्लाण्टमध्ये.

मैत्रिणीचा चेहरा पडला. तेवढ्यात डोंबिवली आलं. उतरताना तिला एवढंच म्हटलं, 'कव्हर छानच आहे. फक्त रात्री उशीखाली फोन चार्जिंगला लावू नकोस!'