गोदामं दोन तुमची, मग गिऱ्हाईकाला दोनदा शिपिंग कशापायी?

ऑनलाइन दुकानाच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, थोडा माल अकोल्यात आहे, थोडा अमरावतीत. शिपिंग चार्ज कसा लावायचा?" व्हिडिओत मी स्क्रीनवर सेटिंग दाखवली आहे. इथे माझं मत सांगतो, कारण सेटिंगच्या आधी विचार पक्का पाहिजे.

माझं मत साधं आहे. माल कुठे ठेवायचा हा निर्णय तुमचा. त्याचा भुर्दंड गिऱ्हाईकावर टाकू नका. पण स्वतःच्या खिशातूनही गुपचूप भरत बसू नका. तो खर्च मुळातच कमी करा.

आता नेमकं होतं काय ते बघा. समजा तुम्ही तूरडाळ विकता, ती अकोल्याच्या दालमिलमधून घेता आणि तिथेच ठेवता. कुरडया अमरावतीच्या बचत गटाकडून येतात, त्या तिथेच असतात. पुण्याच्या एका ताईंनी १ किलो डाळ आणि अर्धा किलो कुरडया मागवल्या. त्यांच्यासाठी ही एक ऑर्डर आहे, तुमच्यासाठी दोन पार्सल. काही सॉफ्टवेअर दोन्ही ठिकाणांचे चार्ज बेरीज करून दाखवतात. ताई म्हणतात, "डाळीपेक्षा भाडंच जास्त!" आणि कार्ट सोडून जातात. तुम्ही एकच चार्ज लावला, तर ऑर्डर मिळते, पण दुसऱ्या पार्सलचं बिल तुमच्या नफ्यातून जातं.

आकडे मांडू. दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या कुरिअरचे तुम्ही टाका. डाळ १ किलो असली तरी पॅकिंग धरून वजन किलोच्या वर जातं, म्हणजे दीड किलोचा स्लॅब लागतो. धरा ८५ रुपये. कुरडया हलक्या, पण जागा खातात. कुरिअरवाले बॉक्सची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक जण ५००० ने भागतात. ३० × २५ × २० चा बॉक्स म्हणजे १५००० भागिले ५०००, बरोबर ३ किलो. माल अर्धा किलो, बिल ३ किलोचं! धरा १६० रुपये. दोन्ही मिळून २४५. हेच सामान थोड्या मोठ्या एकाच बॉक्समध्ये गेलं, तर साडेतीन किलोच्या स्लॅबमध्ये १८५ रुपये. फरक ६० रुपयांचा. १ किलो डाळीवर तुम्हाला ६० रुपये तरी सुटतात का, विचार करा.

म्हणून उत्तर सेटिंगमध्ये कमी आणि माल हलवण्यात जास्त आहे. अकोला ते अमरावती अंतर साधारण १०० किलोमीटर. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. एवढा चांगला रस्ता दारात आहे, तर वापरा. ५० किलोचा कट्टा ट्रॅव्हल्सने किंवा ओळखीच्या टेम्पोने १०० रुपयांत आला, तर किलोमागे २ रुपये पडतात. कुठे ६० आणि कुठे २! मागच्या ऑर्डरी काढून बघा, कोणत्या दोन वस्तू नेहमी जोडीने जातात. त्या जोडीचा साठा एकाच ठिकाणी ठेवा. बाकीचा माल जिथे आहे तिथे राहू द्या.

कॅश ऑन डिलिव्हरी असेल, तर हे आणखी गरजेचं. दोन पार्सल वेगवेगळ्या दिवशी पोचतात. गिऱ्हाईक पहिलं घेतं, दुसऱ्याला "नको" म्हणतं, आणि परतीचं भाडं तुमच्या माथी.

आता चार्ज. तो तुमच्या गोदामावरून नाही, गिऱ्हाईकाच्या पिनकोडवरून ठरवा. ही पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली आपल्याच मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. तिचा फायदा घ्या. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१. शेगाव, खामगाव, वाशिम हेही ४४४ मध्येच. म्हणजे पहिला टप्पा ४४४ चा, दुसरा उरलेल्या महाराष्ट्राचा, तिसरा बाकी देशाचा. तीन टप्पे आणि त्यात वजनाचे दोन-तीन गट, सुरुवातीला एवढं पुरे.

दोन ठिकाणी सांभाळा. ४० ते ४४ ने सुरू होणारे सगळे पिन महाराष्ट्राचे धरले, तर ४०३ वाला गोवा त्यात येतो. आणि धारणी ४४४७०२ असली, तरी मेळघाटात पार्सल पोचवायला काही कुरिअर जादा पैसे घेतात. असे पिन वेगळे काढा.

"सर, फ्री शिपिंगच देऊन टाकू का?" असंही विचारतात. द्या, पण एका रकमेच्या वर, आणि त्या रकमेवरचा नफा भाडं भरून उरत असेल तरच. मोठ्या कंपन्या देतात म्हणून आपण द्यायचं, हे काही गणित नाही बाप्पा.

एक कागदाची गोष्ट. जीएसटी नोंदणी असेल, तर दुसरं गोदाम त्याच नंबरवर अतिरिक्त ठिकाण म्हणून नोंदवा आणि माल हलवताना डिलिव्हरी चलन सोबत ठेवा. दोन्ही शहरं महाराष्ट्रात असल्याने हे सोपं आहे. उद्या बऱ्हाणपूरला गोदाम घेतलं, तर राज्य बदलतं आणि तिथली नोंदणी वेगळी लागते. सीएला आधी विचारा.

या आठवड्याचं काम: शेवटच्या ५० ऑर्डरी वहीत मांडा. प्रत्येकीसमोर तीनच गोष्टी लिहा: किती पार्सल गेले, कुरिअरला किती दिले, गिऱ्हाईकाकडून किती घेतले. शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज करा. तुमचा शिपिंग चार्ज बरोबर आहे की नाही, हे ती वही सांगेल. दर बदलायचा की माल हलवायचा, ते त्यानंतर ठरवा.