किल्ली स्वतः घडवा, स्वतःकडेच ठेवा

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं, की आपण बिनधास्त पासवर्ड टाकतो. पण ते कुलूप सांगतं काय? इतकंच, की तुमचं बोलणं त्याच पत्त्याशी चाललंय आणि मधल्या कुणाला ते वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे, याची हमी त्यात नाही. फसव्या साइटलाही कुलूप मिळतं.

पटत नाही? मग एक संध्याकाळ ‘ओपनएसएसएल’ला द्या. टूल मोफत आहे, ओपन सोर्स आहे. एका कमांडने खासगी किल्ली बनवा, दुसरीने प्रमाणपत्राचा अर्ज, तिसरीने त्यावर स्वतःच सही ठोका. झालं प्रमाणपत्र! ब्राउझर मात्र धोक्याची सूचना देईल, कारण तुमची सही त्याच्या ओळखीची नाही. गणित तेच, फरक फक्त विश्वासाचा. आणि तोही तुटतो. २०११मध्ये नेदरलँड्सच्या ‘डिजिनोटार’ या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीत हॅकर घुसले, गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं.

म्हणून कुठल्याशा वेबसाइटवरून आयती किल्ली घेऊ नका. तिची नक्कल तिथेच राहू शकते. उद्या नोकरी-धंद्यात डिजिटल सहीचं टोकन हातात येईल, तेही पिनसकट कुणाच्या ड्रॉवरमध्ये टाकू नका. २०००च्या आयटी कायद्यानुसार खासगी किल्ली सांभाळायची जबाबदारी ज्याची सही त्याचीच. कोऱ्या चेकवर सही करून तुम्ही तो कुणाला देता का? मग किल्लीच तेवढी स्वस्त कशी?