डिस्कवरच्या मांडणीवर मालकी चालणार नाही

फाइल सिस्टीमच्या रचनेवर भारतात पेटंट मागणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांचे अर्ज लिहिणाऱ्या वकिलांना हा जाहीर इशारा आहे. डिस्कवर बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे, नावांची नोंद कशी करायची, बदललेला ब्लॉक जुन्या जागी लिहायचा की नव्या, ही सगळी मांडणी आहे. दाव्यात प्रोसेसर आणि मेमरी हे शब्द पेरल्याने तिचं यंत्र होत नाही. असे दावे मागे घ्या.

अमेरिकेत काय घडलं ते आम्ही, साठवणुकीचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि वापरणारे, विसरलेलो नाही. जुन्या फॅट या फाइल सिस्टीममध्ये फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन, एवढीच जागा होती. विंडोज ९५ने लांब नावं आणली, पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून प्रत्येक लांब नावासोबत एक छोटं नावही ठेवलं. 'प्रोग्राम फाइल्स'चं 'प्रोग्रा~१' झालं ते असं. लांब नावाचे तुकडे करायचे, ३२ बाइटांच्या एकेका नोंदीत तेरा अक्षरं बसवायची आणि जुन्या प्रोग्रामने त्या नोंदी ओलांडून जाव्यात अशी खूण करायची. युक्ती हुशारीची आहे, पण आहे ती नोंदवहीचे रकाने आखण्याची.

मायक्रोसॉफ्टने तिची पेटंटं घेतली, डिसेंबर २००३ मध्ये परवान्याचे दर जाहीर केले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये टॉमटॉम या डच कंपनीला आठ पेटंटांवरून कोर्टात खेचलं. त्यांतली दोन या नावांची होती. महिनाभरातच तडजोड झाली. टॉमटॉमने पैसे मोजले आणि नावांची ती सोय दोन वर्षांत काढून टाकायचं कबूल केलं. त्याच वर्षी प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिनक्ससाठी लिहिलेला पॅच पाहिला की आजही संताप येतो. लांब नाव लिहायचं आणि छोट्या नावाच्या जागी जाणूनबुजून अवैध अक्षरं भरायची, म्हणजे दोन्ही नावं तयार केल्याचा आरोप नको! इतक्या तयारीच्या प्रोग्रामरला चांगली गोष्ट मुद्दाम बिघडवायला लावणारं पेटंट संशोधनाच्या काय कामाचं?

फॅट टाळा, दुसरं काही वापरा, हा सल्ला आम्हाला देऊ नका. नवी फाइल सिस्टीम कोणीही वेगळी लिहू शकतो. दुसऱ्याने लिहिलेली डिस्क मात्र त्याच्याच मांडणीने वाचावी लागते. त्यामुळे असं पेटंट शेवटी लोकांच्या स्वतःच्या फोटोंवर आणि कागदपत्रांवर येऊन बसतं. फॅटची पुढची आवृत्ती असलेल्या एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टनेच पुढे २०१९ मध्ये खुला केला. पण प्रश्न फॅटपुरता नव्हता. नेटअ‍ॅप या कंपनीने २००७ मध्ये सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टीमवर खटला भरला, सनने उलट खटला भरला आणि २०१० मध्ये निकालाविनाच सगळं मिटलं. दरम्यान कोरेड या लहान कंपनीने नेटअ‍ॅपचं पत्र येताच झेडएफएसवरचं आपलं उत्पादन थांबवलं होतं.

भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रोग्राम यांना शोध मानत नाही. २००४च्या वटहुकमाने त्यात फट पाडली, ती संसदेने २००५ मध्ये बुजवली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'तांत्रिक परिणाम' असलेल्या शोधांना वाट ठेवली, हे आम्ही जाणतो. डिस्क जरा वेगाने वाचली गेली एवढ्यावर ती वाट कोणाला मिळता कामा नये.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सहा महिने पेटंट देता येत नाही. तीच तुमची मुदत. तेवढ्यात दावे वगळले नाहीत, तर कलम २५(१) खाली विरोध दाखल होईल. तो कोणालाही करता येतो. २०२४च्या नियमांनी त्यावर लावलेलं शुल्क आम्ही भरू. तरीही पेटंट मिळालंच, तर वर्षाच्या आत २५(२) खाली पुन्हा विरोध आणि त्यापुढे ते रद्द करून घ्यायला कलम ६४ खाली उच्च न्यायालय. सबब चालणार नाही.

पुण्या-बंगळूरूत या क्षेत्रात काम करणाऱ्यांनो, जुनी मॅन्युअल, प्रसिद्ध झालेले निबंध आणि तारखा असलेला खुला सोर्सकोड जपून ठेवा. विरोधात पुरावा म्हणून तेच लागतात. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. या शुक्रवारपासून ते वाचायला घ्या.